ट्रंपेटवरील कंप : गोव्याच्या शाळेपासून गोंदियाच्या मांडवापर्यंत

(१)

गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील एक मोठे जंक्शन आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा होऊन जो नवा जिल्हा अस्तित्वात आला, त्याचे हे मुख्य ठाणे होय. धानाची शेती, तांदळाच्या गिरण्या आणि विडीचा व्यवसाय यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे. कलेच्या इतिहासात त्याचा उल्लेख झालाच तर तो दिवाळीनंतरच्या मंडईचा, दंडारीचा अथवा झाडीपट्टीच्या नाटकांचा होतो. लग्नसराईत याच गावांतून वाजणाऱ्या बँडकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. बँड ही भाड्याने आणलेली गंमत, तिला इतिहास तो कसला, अशी एक समजूत रूढ आहे.

तथापि वरात मांडवाच्या दारी येऊन थांबते तेव्हा जे घडते ते लक्षपूर्वक ऐकण्याजोगे असते. ढोलांचा गजर मंदावतो आणि मुख्य ट्रंपेटवादक एखाद्या जुन्या चित्रपटगीताची ओळ एकट्याने वाजवितो. ओळीच्या अखेरीस तो एक स्वर धरून ठेवतो. तो स्वर प्रथम सरळ उभा असतो. मग त्यात बारीक हालचाल सुरू होते, ती वाढते, आणि श्वास संपता संपता स्वर हलतच विरून जातो. या हालचालीस पाश्चात्त्य संगीतात व्हायब्रेटो अशी संज्ञा आहे. मराठीत तिला कंप हा शब्द पुरेसा आहे.

हा कंप तेथे कोठून आला? वाद्य विलायती, म्हणून कंपही वाद्याबरोबर विलायतेहून आला, हे उत्तर सोपे असले तरी समाधानकारक नाही. कारण वाद्य आणणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या पद्धतीत सरळ स्वर हाच सद्गुण मानला जात होता. आपल्याकडील गमकातून तो आला असे म्हणावे, तर सनईवरील गमक आणि ट्रंपेटवरील हा कंप यांची जात निराळी आहे. खरा मार्ग या दोहोंमधून गेला आहे. तो गोव्यातील चर्चच्या शाळांतून निघून मुंबईच्या हॉटेलांत, तेथून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत आणि अखेर रेडिओवरून पूर्व विदर्भातील बँडपर्यंत पोहोचतो. हा मार्ग पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. ट्रंपेटवादनातील बाकी सर्व काही कागदावर उतरविता आले. कंप मात्र कधीच उतरला नाही. त्यामुळे स्वरलिपी वाचणारा आणि न वाचणारा, दोघांनाही तो केवळ कानानेच शिकावा लागला.

(२)

प्रथम कंपाचे स्वरूप पाहणे इष्ट आहे. धरून ठेवलेल्या स्वराची उंची, जोर आणि गोडवा यांत नियमित व लहानसा चढउतार होणे म्हणजे कंप. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाने याचे पद्धतशीर मापन केले व १९३२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कसलेल्या गायकांच्या स्वरात हा चढउतार सेकंदाला साधारण सहा ते सात वेळा होतो असे त्यास आढळले. गती याहून फार मंद झाली तर स्वर डळमळीत वाटतो; फार जलद झाली तर तो थरथरतो. चांगल्या कंपात कानाला चढउतार वेगळे जाणवत नाहीत, स्वर भरदार झाल्यासारखा वाटतो.

ट्रंपेटवर हा परिणाम साधण्याच्या तीन रीती आहेत. पहिली हाताची. पिस्टनवर बोटे ठेवलेला उजवा हात किंचित मागेपुढे हलवावयाचा, म्हणजे माउथपीसचा ओठांवरील दाब कमीजास्त होऊन स्वर खालीवर होतो. ही रीत डोळ्यांना दिसते, म्हणून नकलेने लवकर उचलता येते. दुसरी जबड्याची व ओठांची. वाजविताना ‘या-या-या’ असा उच्चार मनात करीत खालचा जबडा अगदी थोडा हलवावयाचा. ती दिसत नाही, परंतु तिच्यावर ताबा अधिक राहतो. तिसरी श्वासाची. पोटाच्या स्नायूंनी हवेचा जोर नियमित कमीजास्त करावयाचा. तिच्यात स्वराच्या उंचीपेक्षा त्याचा जोरच अधिक हलतो.

शिक्षणाचा क्रम बहुधा असा असतो. विद्यार्थ्याने आधी लांब सरळ स्वर धरावयास शिकावे. ज्याचा सरळ स्वर स्थिर नाही त्याचा कंप हा कंप नसून अशक्तपणा असतो. नंतर मेट्रोनोमच्या ठोक्यावर, मिनिटाला सुमारे ऐंशी ठोके धरून, एका ठोक्यात स्वर प्रथम दोनदा हलवावा, मग तीनदा, मग चारदा. ऐंशीच्या गतीत चार हेलकावे म्हणजे सेकंदाला पाचाहून किंचित अधिक. येथे यंत्रवत हालचाल कंपाच्या सीमेत येते. पुढे मेट्रोनोम बाजूला ठेवावयाचा आणि मोजणे विसरावयाचे. ही शेवटची पायरी सर्वांत कठीण. पुष्कळ विद्यार्थी मोजणे शिकतात, पण ते विसरणे त्यांना साधत नाही.

येथे एका जुन्या ग्रंथाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गमकाची व्याख्याच श्रोत्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप अशा अर्थाची केली आहे. त्याने गमकाचे पंधरा प्रकार सांगितले असून त्यांतील कित्येक केवळ गतीने वेगळे केले आहेत. द्रुत या कालमानाच्या निम्म्या वेळात हलणारा तो कंपित, तृतीयांशात हलणारा तो स्फुरित, चतुर्थांशात हलणारा तो तिरिप. एका मात्रेचे दोन, तीन व चार भाग पाडून स्वर हलविण्याचा जो अभ्यास आजचा ट्रंपेटशिक्षक देतो, त्याच्याशी या विभागणीचे साम्य विलक्षण आहे. याचा अर्थ एकाने दुसऱ्याकडून घेतले असा नव्हे. स्वर मनुष्याच्या श्वासाने हलवावयाचा झाला की तो मोजण्याच्या वाटा थोड्याच उरतात, इतकेच यातून दिसते. पण एक भेदही ध्यानात ठेवला पाहिजे. शार्ङ्गदेवाच्या दृष्टीने कंप हा योजून करावयाचा अलंकार होता. स्वराचा कायमचा पोशाख नव्हता. पुढील इतिहासात हा भेद निर्णायक ठरतो.

(३)

ट्रंपेट व तिचे भावंड कॉर्नेट यांना आजचे रूप एकोणिसाव्या शतकात आले. त्यापूर्वीच्या तुताऱ्यांत नैसर्गिक स्वरमालिकेतील मोजकेच स्वर निघत. १८१८ मध्ये जर्मनीत श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हच्या योजनेचे पेटंट घेतले आणि सर्व स्वर एकाच नळीतून काढणे शक्य झाले. १८६४ मध्ये पॅरिसच्या झाँ-बाप्तिस्त आर्बां याने कॉर्नेटच्या शिक्षणाचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजही वादकांच्या हाती असतो. जिभेचे आघात, स्वरांचे जोड, सप्तके, मुरके, वाक्यांची मांडणी या सर्वांचे धडे त्यात आहेत. कंपाला मात्र स्वतंत्र धडा नाही. त्या काळच्या अनेक गुरूंच्या मते कंप ही शिकविण्याची बाब नव्हती; ती एकतर अभिरुचीची बाब होती, नाहीतर दोषाची.

भारतात ही वाद्ये मुख्यतः लष्करी पथकांबरोबर आली. पूर्व विदर्भाच्या जवळचे असे ठिकाण म्हणजे कन्हान नदीकाठची कामठी छावणी. ती १८२१ मध्ये वसली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली व पुढील काही वर्षांत नागपूर ते कलकत्ता हा मार्ग भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातून अखंड झाला. या रेल्वेबरोबर माणसे, माल आणि करमणुकीच्या नव्या तऱ्हा यांची ये-जा सुरू झाली. मेरठ येथे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या नादिर अली कंपनीसारख्या कारखान्यांतून पितळी वाद्ये देशातच मिळू लागली आणि पलटणीचा बँड संस्थानिकांच्या दरबारात व तेथून सामान्यांच्या लग्नात उतरला. पलटणीच्या वादनाचा धर्म एकजुटीचा. चार ट्रंपेटवादक एकच स्वर वाजवीत असता प्रत्येकाने तो आपापल्या गतीने हलविला तर स्वर फाटतो. म्हणून पथकात सरळ स्वराची शिस्त होती, आणि कंपाची मोकळीक असलीच तर ती एकट्याने वाजविणाऱ्या कॉर्नेटवादकाला.

दुसरी परंपरा गोव्याची. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना उपासनेच्या गायनासाठी संगीताचे शिक्षण दिले जाई. तेथील शिक्षकास मेस्त्री म्हणत. मेस्त्री मुलाच्या हाती वाद्य देण्यापूर्वी त्याच्याकडून सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून सूर व मात्रा बिनचूक म्हणण्याचा अभ्यास, पक्का करून घेई. व्हायोलिन हे प्रमुख वाद्य. त्याच्या जोडीला पितळी वाद्येही शिकविली जात. या शिस्तीतून निघालेला मुलगा कोणतेही लिहिलेले संगीत समोर ठेवताच वाजवू शके. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे तरुण पोटासाठी मुंबई, कलकत्ता, लाहोर येथे जाऊ लागले. मुंबईत धोबी तलाव व क्हेल या वस्त्यांत आपापल्या गावच्या कुडांत ते उतरत आणि नाट्यगृहे, मूकचित्रपटगृहे, हॉटेले व संस्थानी बँड यांत काम शोधत. वाचता येणे ही त्यांची शिदोरी होती. परंतु जे लिहिलेले नसते ते कसे वाजवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे लवकरच उभा राहिला.

(४)

हा प्रश्न निर्माण केला तो जॅझने. अमेरिकेतील लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) याने १९२५ ते १९२८ या काळात आपल्या हॉट फाइव्ह व हॉट सेव्हन या पथकांसह ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांनी ट्रंपेटच्या स्वराची कल्पनाच पालटली. त्याची रीत अशी की लांब स्वर प्रथम सरळ, ठाम उभा करावयाचा आणि त्याच्या अखेरच्या भागात कंप आणून तो वाढवीत न्यावयाचा. कंप सर्वत्र सारखा पसरलेला नसे. तो स्वराला दिशा देई. थांबलेला स्वर पुढच्या स्वराकडे झुकत आहे असे त्यामुळे वाटे. स्वरलिपीत या गोष्टीला चिन्ह नाही. कागदावर अर्धा वर्तुळाकार स्वर दिसेल. त्याच्या आत काय घडते ते दिसणार नाही.

१९३५ मध्ये लिऑन ॲबे या व्हायोलिनवादकाच्या नेतृत्वाखाली आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे एक पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यासाठी आले. पुढील वर्षी क्रिकेट स्मिथ हा वयस्क, अनुभवी ट्रंपेटवादक तेथे पथकाचा नायक झाला. नंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड याने मुंबई व कलकत्ता येथे पथके चालविली. १९४५ मध्ये कलकत्त्यासच त्याचा अंत झाला. या मंडळींच्या सान्निध्यात गोव्याच्या तरुण वादकांना जे शिक्षण मिळाले ते कोणत्याही शाळेत मिळाले नसते. वाचणे त्यांना येतच होते. आता ऐकणे सुरू झाले. जे हॉटेलच्या व्यासपीठाजवळ ऐकावयास मिळाले नाही, ते ग्रामोफोनच्या तबकडीवर मिळे. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. पण सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवता येई, आणि हा गुरू कधी कंटाळत नसे.

या पिढीतील सर्वांत गाजलेले नाव चिक चॉकलेट यांचे. मूळ नाव आंतोनियो शाविएर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातील आल्दोना. आर्मस्ट्राँगचे वादन, त्याचे खरखरीत गाणे, त्याचा रंगमंचावरील वावर या सर्वांचा त्यांनी इतका ध्यास घेतला की भारताचा लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती झाली. केवळ नक्कल म्हणून हे बाजूला सारणे योग्य होणार नाही. कंपासारखी गोष्ट प्रथम नकलेनेच शिकता येते. शब्दांत सांगता न येणारे शिल्प शिष्य गुरूच्या अंगाच्या हालचालीसकट उचलतो. त्यातील आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे त्याला नंतर कळते. आपल्याकडील घराण्यांतही शिष्याची तालीम याच वाटेने जाते. फरक इतकाच की चिक चॉकलेट यांचा गुरू सात समुद्रांपलीकडे होता आणि शिष्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते.

दुसरे नाव फ्रँक फर्नांड यांचे. १९१९ मध्ये कुडचडे येथे जन्मलेले हे ट्रंपेटवादक हॉटेलांतील नृत्यसंगीत वाजवून पुढे चित्रपटांकडे वळले. अनिल विश्वास, हेमंतकुमार आदी संगीतदिग्दर्शकांबरोबर त्यांनी काम केले, आणि ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटांची निर्मिती केली. या दोघांच्या वाटचालीत एक वळण समान आहे. जॅझचा कंप कमावून ते ज्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरले, तेथे त्यांना तो कंप आवरावयास शिकावे लागले.

(५)

हे समजण्यासाठी चित्रपटसंगीताची तत्कालीन कामाची पद्धत पाहावी लागते. संगीतदिग्दर्शक बहुधा हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. गोव्याचा संयोजक ती स्वरलिपीत टिपून घेई व निरनिराळ्या वाद्यांचे भाग लिहून देई. स्वर आणि मात्रा कागदावर उतरत. मींड, खटका, आंदोलन मात्र मागेच राहत. वादक कागद पाहून वाजवी तेव्हा संगीतदिग्दर्शकाला ती आपली चाल वाटेना. मग तो पुन्हा गाऊन दाखवी, आणि वादकास कागदावरून नजर काढून ऐकावे लागे.

अडचणीचे मूळ असे. हिंदुस्थानी गायकीत षड्ज अथवा पंचमावर ठेवलेला स्वर निष्कंप असणे ही तयारीची खूण मानली जाते. स्वर हलतो तो रागाच्या आज्ञेने हलतो; भैरवातील कोमल ऋषभ, दरबारीतील कोमल गंधार हे संथ आंदोलित होतात, पण त्याच रागांतील षड्ज स्थिर राहतो. म्हणजे कोणता स्वर हलावा हे आधीच ठरलेले असते. जॅझवादकाचा कंप याउलट लांबीवर अवलंबून असतो. जो स्वर लांबेल तो हलेल. गायिकेच्या सरळ स्वरामागून ट्रंपेटने हलता स्वर दिला की दोन्ही खरे असूनही एकमेकांस खोटे पाडीत.

या दोन जगांची सांधेजोड ज्यांच्या कामात ठळक दिसते ते संगीतदिग्दर्शक म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे व नंतर विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी रागसंगीताची तालीम घेतली. विदर्भात स्वरसंस्कार झालेला हा संगीतकार मुंबईत चिक चॉकलेट यांच्या सहवासात आला. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील गाण्यांनी नृत्यपथकाचा ठेका देशभर पोहोचविला. ‘अलबेला’चे दिग्दर्शक व नायक भगवान पालव हे जन्माने अमरावतीचे. या चित्रपटात ‘शोला जो भडके’ हे गीत आहे; चिक चॉकलेटही आपल्या पथकासह या चित्रपटात पडद्यावर दिसतात. त्याच चित्रपटात पिलू रागाच्या छायेतील ‘धीरे से आजा री अँखियन में’ ही अंगाई आहे. एकाच चित्रपटातील ही दोन गाणी पाठोपाठ ऐकली म्हणजे दोन जगांचे अंतर ध्यानात येते. पहिल्यात मोकळ्या ट्रंपेटचा झगमगाट. दुसऱ्यात ज्या सरळ, नाजूक स्वराला जराही धक्का लागता कामा नये असा सूर. एकाच वादकसमूहाला दोन्हींची जाण ठेवावी लागे.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्रानेही या संयमास हातभार लावला. मायक्रोफोन थोडे आणि ट्रंपेटचा आवाज मोठा, म्हणून तिच्या वादकांस दूर उभे करीत. तोंडावर म्यूट लावून वाजविले तर आवाज बारीक होऊन गायिकेच्या जवळ येई. अशा बारीक आवाजात हाताचा रुंद कंप हास्यास्पद वाटतो. तेथे जबड्याचा सूक्ष्म कंपच शोभतो, आणि तोही ओळ संपताना. कंप कमावणे ही पहिली विद्या, तो राखून ठेवणे ही दुसरी. शार्ङ्गदेवाच्या कल्पनेतील योजून केलेला अलंकार अशा रीतीने ट्रंपेटवर पुन्हा अवतरला. मात्र ग्रंथाच्या अभ्यासातून नव्हे, तर रोजच्या कामाच्या गरजेतून.

या वादकांच्या हाती लौकिक फारसा आला नाही. चित्रपटाच्या नामावलीत संगीतदिग्दर्शकाचे नाव येई. स्वर ज्याच्या ओठांतून निघाला त्याचे क्वचितच. चिक चॉकलेट यांनी ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२) अशा चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीत दिले. तरीही १९६७ मध्ये मुंबईत ते निवर्तले तेव्हा त्यांचे वादन लाखोंच्या कानांवर असून नाव थोड्यांनाच ठाऊक होते.

(६)

ते वादन लाखोंच्या कानांवर पोहोचविले रेडिओने. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले व त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाल्यावर ती गीते पुन्हा देशी लहरींवर आली. लग्नाच्या बँडला या घडामोडींशी थेट कर्तव्य होते. यजमान जे गाणे मागेल ते वाजविता आले पाहिजे, हा बँडचा व्यवसायधर्म. स्वरलिपी न वाचणाऱ्या बँडवाल्यास गाणे मिळविण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकणे. गाण्याबरोबर गाण्यातील ट्रंपेटही त्याच्या कानात जाई, आणि ट्रंपेटबरोबर तिचा कंप.

चिक चॉकलेट तबकडीसमोर ज्या रीतीने बसले त्याच रीतीने बँडमधला मुलगा रेडिओसमोर बसला. दोघांत अंतर होते ते संधीचे. तबकडीवरील सुई मागे नेता येई. रेडिओवरील गाणे निसटले की ते पुन्हा केव्हा लागेल याचा नेम नसे. म्हणून एका ऐकण्यात ओळ धरण्याची शक्ती येथे अधिक कसाला लागली. घरातला वडीलधारा वादक बोटे दाखवी, ओठ कसे आवळावे ते दाखवी. कंपाविषयी मात्र ‘ऐक आणि तसा वाजव’ यापलीकडे तोही काही सांगू शकत नसे. स्वरलिपी जाणणाऱ्या मेस्त्रीपाशीदेखील यापेक्षा वेगळे उत्तर नव्हते.

लग्नाच्या बँडची परिस्थिती लक्षात घेतली तर या विद्येची किंमत अधिक कळते. वादक चालत वाजवितो. प्रत्येक पावलाबरोबर माउथपीस ओठांवर आदळते आणि स्वर आपोआप हिसका खातो. ही थरथर होय, कंप नव्हे. ती दाबून स्वर सरळ ठेवणे हेच चालत्या वादकाचे पहिले काम. वैशाख-ज्येष्ठात, लग्नसराईच्या भरात, गोंदियाकडे उष्णता चाळीस अंशांच्या वर जाते. ओठ कोरडे पडतात, वाद्यातील हवा तापून स्वर चढतो, आणि बँडमधील वाद्ये एकमेकांपासून सुटू लागतात. अशा वेळी सैल, रुंद कंप बेसूरपणा झाकण्यास उपयोगी पडतो, आणि पुष्कळ वादक त्याचा तसा उपयोग करतातही. चांगला वादक तो मोह टाळतो. वरात चालत असता तो स्वर सरळ ठेवतो, साथीदारांशी जुळवून घेतो, आणि मांडवाच्या दारी पाय थांबले की मगच राखून ठेवलेला कंप बाहेर काढतो.

येथे जुन्या सनईचीही आठवण ठेवली पाहिजे. देशात अनेक ठिकाणी मंगलवाद्ये वाजविणाऱ्या घराण्यांनीच कालांतराने पितळी वाद्ये हाती घेतली. सनईवर बोट अर्धवट उचलून आणि पत्तीवरील ओठांचा दाब बदलून स्वर वाकविता येतो. ट्रंपेटच्या पिस्टनला ती लवचीकता नाही. पिस्टन दाबला की एक स्वर, सोडला की दुसरा. जी मींड बोटांनी होत नाही ती ओठांकडे व जबड्याकडे सोपवावी लागते. ज्या कानाने सनई ऐकली आहे तो कान ट्रंपेटकडूनही स्वराचे वाकणे मागतो. म्हणून अशा वादकाच्या कंपात केवळ आर्मस्ट्राँगचा हेलकावा नसतो. स्वर हलता हलता किंचित खाली झुकतो व परत येतो. त्यात सनईचा अंश स्पष्ट असतो.

(७)

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ट्रंपेटवरील कंप हा वाद्याबरोबर आलेला गुण नव्हे. पलटणीच्या व चर्चच्या शिस्तीत त्याला दुय्यम स्थान होते. तो जॅझमधून आला, मुंबईतील गोव्याच्या वादकांनी तो ऐकून कमावला, आणि रागसंगीताचे संस्कार असलेल्या संगीतकारांच्या सहवासात तो आवरावयास शिकले. हा आवरलेला कंप रेडिओने गावोगाव नेला व तेथे सनईच्या कानाने त्याला पुन्हा वळण दिले. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर शिकण्याचे साधन एकच राहिले : एका माणसाने दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकणे.

यातून एक जबाबदारीही उत्पन्न होते. लिहिलेली विद्या ग्रंथ टिकला की टिकते. ऐकलेली विद्या ऐकणारा असेपर्यंतच टिकते. बँडच्या जागी ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहू लागल्या आहेत, आणि ओळीच्या शेवटी स्वर केव्हा हलवावा हे जाणणारे वादक कमी होत आहेत. चित्रपटाच्या नामावलीत गोव्याच्या वादकाचे नाव आले नाही. लग्नाच्या पावतीवर तर वादकाचे नाव लिहिण्याची रीतच नाही. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी येथील बँडचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवणे, जुन्या वादकांकडून त्यांच्या शिक्षणाची हकिगत नोंदवून घेणे, हे काम स्थानिक महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. शार्ङ्गदेवाने आपल्या काळातील कंपांची गती मोजून ठेवली, म्हणून ती आज सातशेहून अधिक वर्षांनी सांगता येते. मांडवाच्या दारी वाजणाऱ्या त्या एका हलत्या स्वराचीही अशीच नोंद होणे अगत्याचे आहे.